पेटीवाला म्हणाला ‘काळी चार’: गिटारवर पट्टी, की, शेप आणि कॅपोचा हिशेब

सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम असो की घरची भजनाची बैठक, नव्या गिटारवाल्याची पंचाईत ठरलेल्या जागीच होते. गायिका ‘काळी चार’ सांगते, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळी पट्टीवर, पेटीवाला सूर धरतो, तबलजी हातोडी काढतो आणि गिटारवाला मोबाईलवर कॉर्ड शोधतो. तिथे जी, ई मायनर, सी, डी असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो तेच वाजवायला लागतो आणि दोन ओळींत सगळे त्याच्याकडे बघायला लागतात.

बोटं बरोबर पडलेली असतात, घोळ नावांचा असतो. गिटारवरच्या प्रत्येक कॉर्डला एकाच वेळी तीन नावं असतात. पहिलं, कानाला प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुराचं. दुसरं, बोटांच्या आकाराचं, ज्याला आपण शेप म्हणतो. तिसरं, त्या गाण्यातल्या जागेचं, म्हणजे सा वरची कॉर्ड, म वरची, प वरची. कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) नसेल तेव्हा पहिली दोन नावं जुळतात आणि फरक कळत नाही. कॅपो लावला की ती फुटतात. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. तिसरी सोडून सहावीवर उडी मारलीत तर परत तिसरीवरच यावं लागेल.

आधीची तयारी

सहा तारांची गिटार, कॅपो, ट्यूनर (क्लिपचा किंवा मोबाईलमधला), वही आणि पेटी. पेटी नसेल तर मोबाईलवरचा कीबोर्ड चालेल.

तारांचे क्रमांक पक्के करा. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर दिसते, म्हणून बरेच जण तिलाच पहिली म्हणतात आणि पुढचं सगळं उलटं होतं. जाडीकडून बारीककडे मोकळ्या तारांचे सूर: ई, ए, डी, जी, बी, ई.

‘तिसऱ्या फ्रेटवर बोट’ म्हणजे धातूच्या तिसऱ्या काडीवर नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीच्या मधली जागा, तीही तिसऱ्या काडीला खेटून.

आता ट्यूनिंग. ट्यूनर मुळात ए = ४४० हर्ट्‌झ धरून चालतो. जुनी पेटी त्याच्या थोडी वर किंवा खाली असू शकते. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा एकटी दाबून ट्यूनरला ऐकवा. काटा ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर दाखवत असेल तर पेटीचा ए साधारण ४४२ आहे. ट्यूनरमध्ये ४४० च्या जागी ४४२ ठेवा आणि मग गिटार लावा. पेटी जागच्या जागी लावता येत नाही, गिटार येते. जुळवून घ्यायचं ते आपणच.

*तपासा:* पाचव्या फ्रेटवर सहावी तार दाबली की मोकळ्या पाचवीचा सूर यायला हवा, पाचवी दाबली की चौथीचा, चौथी दाबली की तिसरीचा. तिसरी तार मात्र चौथ्या फ्रेटवर दाबली की दुसरीचा सूर येतो. दुसरी पुन्हा पाचव्यावर पहिलीला मिळते.

पायरी १ : पेटीची बारा घरं आणि त्यांची अक्षरं

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शार्प म्हणजे एक घर वर, फ्लॅट म्हणजे एक घर खाली.

पांढरी १ – सी
काळी १ – सी शार्प किंवा डी फ्लॅट
पांढरी २ – डी
काळी २ – डी शार्प किंवा ई फ्लॅट
पांढरी ३ – ई
पांढरी ४ – एफ
काळी ३ – एफ शार्प किंवा जी फ्लॅट
पांढरी ५ – जी
काळी ४ – जी शार्प किंवा ए फ्लॅट
पांढरी ६ – ए
काळी ५ – ए शार्प किंवा बी फ्लॅट
पांढरी ७ – बी

पेटीवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर, मग ती काळी असो वा पांढरी, म्हणजे गिटारवर एक फ्रेट. यालाच अर्धा सूर किंवा सेमिटोन म्हणतात. बारा फ्रेट झाले की सप्तक पूर्ण.

नेहमीची चूक: ई आणि एफच्या मध्ये, तसंच बी आणि सीच्या मध्ये काळी पट्टी नाही. पेटीवर हे डोळ्यांना दिसतं. गिटारवर सगळी घरं सारखी, त्यामुळे शिकणारा मोजताना बी नंतर ‘बी शार्प’ घेतो आणि तिथून पुढे प्रत्येक सूर एक घर चुकतो. पाचव्या तारेवर मोजून बघा: मोकळी ए, पहिल्या फ्रेटवर ए शार्प, दुसऱ्यावर बी, तिसऱ्यावर थेट सी, चौथ्यावर सी शार्प, पाचव्यावर डी.

शार्प म्हणायचं की फ्लॅट? गिटारच्या बोटांना फरक पडत नाही, लिहिताना पडतो. काळी चारची मेजर पट्टी ‘जी शार्प’ नावाने लिहायला गेलात तर एफला दोनदा शार्प करावं लागतं. तीच ‘ए फ्लॅट’ नावाने लिहिली तर चार फ्लॅटमध्ये काम होतं. म्हणून बोलताना जी शार्प चालेल, पण कीबोर्डवाल्याला कागद द्यायचा असेल तर ए फ्लॅट लिहा.

पायरी २ : पट्टी विचारा, आणि दोन प्रश्न जास्तीचे विचारा

आपल्याकडे ‘स्केल काय?’ असं विचारतात तेव्हा बहुतेक वेळा पट्टीच विचारायची असते. गिटारच्या पुस्तकात मात्र हे शब्द वेगवेगळ्या कामाचे आहेत. पट्टी फक्त सा कुठे आहे ते सांगते. की सांगते सा कुठे आहे आणि गाणं मेजरकडे आहे की मायनरकडे. स्केल म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंत कोणते सूर कोणत्या अंतराने येतात तो क्रम, जवळपास आपल्या थाटासारखा.

म्हणजे ‘काळी चार’ एवढं कळून गिटारवाल्याचं भागत नाही. पहिला प्रश्न: गंधार, म्हणजे ग, शुद्ध की कोमल? शुद्ध असेल तर की ए फ्लॅट मेजर, कोमल असेल तर जी शार्प मायनर. गायिकेला मेजर-मायनर माहीत नसेल तरी गंधार नक्की माहीत असतो.

दुसरा प्रश्न: गाणं मध्यमातून, म्हणजे म ला सा मानून, आहे का? भैरवी किंवा काही भजनं गाताना गायक आपल्या नेहमीच्या पट्टीचा मध्यम सा मानतात. पट्टी काळी एक सांगितली आणि गाणं मध्यमातून असेल, तर तुमच्यासाठी सा काळी एकवर नाही, काळी तीनवर आहे. न विचारता सी शार्प धरलंत तर काही सूर जुळतात, काही जुळत नाहीत आणि नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच.

आणखी एक सापळा यंत्राचा आहे. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवता येते. वाजवणारा दाबतो एक पट्टी आणि बोलते दुसरी. कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणाचंही तसंच. म्हणून वादकाच्या बोटांकडे बघून सूर ठरवू नका.

*तपासा:* ‘जरा सा धरा’ म्हणा आणि ट्यूनर काय अक्षर दाखवतो ते वाचा. ऐकू येतो तो सूर खरा, बाकी सगळं त्याच्या मागून.

पायरी ३ : सरगम एका तारेवर आकड्यांत बसवा

सा ला शून्य धरा आणि फ्रेट मोजा.

सा ०, कोमल रे १, रे २, कोमल ग ३, ग ४, म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, ध ९, कोमल नि १०, नि ११, वरचा सा १२.

पहिली तार मोकळी छेडा, तिला सा माना. मग त्याच तारेवर २, ४, ५, ७, ९, ११, १२ या फ्रेटवर बोट ठेवत जा. हा बिलावल थाट, आणि हाच मेजर स्केल. ०, २, ३, ५, ७, ८, १०, १२ वाजवा. आसावरी थाटाचे सूर मिळाले, यालाच नॅचरल मायनर म्हणतात.

गाणं शिकलेल्यांना हे दहा मिनिटांत जमतं. त्यांची अडचण वेगळी असते. ‘सा म्हणजे सी’ असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, कारण बहुतेक कीबोर्डचे धडे पांढरी एकपासून सुरू होतात. सी, डी, ई ही अक्षरं जागा सोडत नाहीत. सा, रे, ग पट्टीबरोबर सरकतात. आज पहिली तार सा धरली, उद्या तिसरी धरा आणि तेच आकडे वाजवा. कानाला तीच चाल, नुसती खाली गेलेली ऐकू आली पाहिजे.

पायरी ४ : कॉर्डच्या आत काय आहे ते बोटांनी बघा

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे किमान तीन सूर. मेजरमध्ये सा-ग-प, मायनरमध्ये सा-कोमल ग-प. मात्र इथला सा गाण्याचा सा नव्हे, त्या कॉर्डचा स्वतःचा पहिला सूर. त्याला रूट म्हणतात. पुढचे सगळे गोंधळ इथूनच निघतात, म्हणून हा सा वहीत वेगळ्या शाईने लिहा.

आता ई मेजर धरा: पाचवी तार दुसरा फ्रेट, चौथी तार दुसरा फ्रेट, तिसरी तार पहिला फ्रेट, बाकी मोकळ्या. सहावीपासून एकेक तार सावकाश छेडा. ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. म्हणजे सा, प, सा, ग, प, सा. सहा तारांत गंधार फक्त एकाच तारेवर आहे, तिसऱ्या. ते एक बोट उचला. तिसरी तार मोकळी झाली, जी शार्पचा जी झाला, गंधार कोमल झाला आणि ई मायनर तयार झाली.

हाच प्रयोग ए आणि डीवर करा. ए मेजरमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणा, ए मायनर. डी मेजरमध्ये पहिल्या तारेवरचं बोट दुसऱ्यावरून पहिल्यावर आणा, डी मायनर. बोटांची मांडणी यासाठी बदलावी लागते, पण बदललेला सूर प्रत्येक वेळी एकच, आणि तो गंधारच. ‘मेजर आनंदी, मायनर दुःखी’ हे पाठ करण्यापेक्षा गंधार कुठल्या तारेवर आहे ते शोधा. दुःखी मेजर गाणी ढीगभर आहेत.

या हिशेबाने बाकीची नावं उलगडतात:

पॉवर कॉर्ड – सा आणि प, गंधारच नाही. त्यामुळे मेजरही नाही, मायनरही नाही. गंधार शुद्ध की कोमल याची खात्री नसेल तेव्हा तात्पुरती हीच वाजवा.

सस फोर – ग काढून त्याच्या जागी म. सस टू – ग काढून त्याच्या जागी रे. काढून, हे महत्त्वाचं. ग तसाच ठेवून वर रे घातला तर ती ॲड नाइन.

सेव्हन – मेजर कॉर्डमध्ये कोमल नि. मेजर सेव्हन – मेजर कॉर्डमध्ये शुद्ध नि.

शेवटच्या जोडीत जवळपास सगळे फसतात. जी सेव्हनमध्ये जी, बी, डी, एफ. जी मेजर सेव्हनमध्ये जी, बी, डी, एफ शार्प. एका घराचा फरक, पण पहिली पुढे कुठेतरी जायला उतावीळ असते, दुसरी निवांत बसते. कागदावर छोट्या एम आणि मोठ्या एमचा घोळ होतो तो वेगळाच. स्वतःच्या वहीत ‘मेजर’, ‘मायनर’ पूर्ण लिहा.

तिरकी रेघ असलेली कॉर्ड, जसं जी तिरकी रेघ बी: कॉर्ड जीचीच, फक्त सगळ्यात खालचा सूर बी. दोन कॉर्ड एकापाठोपाठ वाजवा असा तिचा अर्थ नाही.

पायरी ५ : गाण्याचं कुटुंब लिहून काढा

आता परत गाण्याच्या सा कडे या. शुद्ध सुरांच्या गाण्यात, बाहेरचा सूर न घेता, प्रत्येक सुरावर एकच साधी कॉर्ड बनते:

सा मेजर, रे मायनर, ग मायनर, म मेजर, प मेजर, ध मायनर. नि वर डिमिनिश्ड बनते. सुरुवातीला ती सोडून द्या.

जी मध्ये हेच कुटुंब जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर असं होतं. सी मध्ये सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर.

आसावरीच्या सुरांत: सा मायनर, कोमल ग मेजर, म मायनर, प मायनर, कोमल ध मेजर, कोमल नि मेजर. ए मायनरमध्ये ए मायनर, सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी. प वर बरेचदा मेजर घेतात, म्हणजे ई मायनरऐवजी ई. तेव्हा त्या कॉर्डमधून शुद्ध नि डोकावतो. चालीत त्या जागी कोमल नि असेल तर दोन्ही सूर एकमेकांवर आपटतात. आधी चाल ऐका.

सी आणि ए मायनर या दोन घरांतल्या कॉर्ड सारख्याच आहेत हे लक्षात आलं असेल. म्हणून नुसती कॉर्डची यादी बघून की ठरवू नका. चाल कुठे विसावते, ध्रुवपदाची शेवटची मात्रा कुठे टेकते, तिथला सा धरा.

रागावर बेतलेल्या चालींत या यादीत बदल होतात, आणि ते थाटावरून काढता येतात. यमनसारख्या चालीत तीव्र म आहे, म्हणून रे वर मेजर कॉर्ड बसते. खमाजात कोमल नि आहे, म्हणून त्या नि वर मेजर बसते. काफीत म वर मेजर. भैरवीच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: गायक त्यात बारापैकी जवळपास सगळे सूर लावतो, प्रत्येकामागे कॉर्ड पळवू नका. सा आणि प धरून सुटी बोटं फिरवा आणि पेटीला तिचं काम करू द्या.

पायरी ६ : शेप निवडा, कॅपो लावा

सूत्र एकच: शेपचं नाव अधिक कॅपोचा फ्रेट म्हणजे ऐकू येणारा सूर. जी शेप, कॅपो १, ऐकू येतं जी शार्प.

मेजर गाण्यांसाठी:

काळी १ – सी शेप कॅपो १, किंवा ए शेप कॅपो ४
काळी २ – डी शेप कॅपो १, किंवा सी शेप कॅपो ३
काळी ३ – ई शेप कॅपो २, किंवा डी शेप कॅपो ४
काळी ४ – जी शेप कॅपो १, किंवा ई शेप कॅपो ४
काळी ५ – ए शेप कॅपो १, किंवा जी शेप कॅपो ३

मायनर गाण्यांसाठी:

काळी १ – ए मायनर शेप कॅपो ४
काळी २ – डी मायनर शेप कॅपो १
काळी ३ – ई मायनर शेप कॅपो २
काळी ४ – ई मायनर शेप कॅपो ४
काळी ५ – ए मायनर शेप कॅपो १

पांढऱ्या पट्ट्यांचं गणित स्वतः करा. पांढरी चार सुरुवातीला घ्या, तिथे ई शेपला कॅपो १ लागतो.

दोन पर्याय असतील तर सा वरची कॉर्ड किती सोपी हे बघून निवडू नका, पूर्ण कुटुंब बघा. ई शेप धरायला हलका, पण त्याच्या कुटुंबात बी मेजर आणि सी शार्प मायनर येतात आणि दोन्हींना बार लागतो, म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. जी शेपमध्ये फक्त बी मायनर तशी आहे. नवशिक्यांना मी जी आणि सी शेपच सुचवतो.

बार जमत असेल तर कॅपोविनाही भागतं: ई शेप बार चौथ्या फ्रेटवर धरला की काळी चार, ए शेप बार चौथ्यावर धरला की काळी एक. पहिल्यात रूट सहाव्या तारेवर, दुसऱ्यात पाचव्या तारेवर असतो.

कॅपो फ्रेटच्या काडीच्या अगदी मागे, तिला समांतर बसवा. मधोमध लावला तर तारा भुणभुणतात, काडीवरच चढवला तर दबक्या वाजतात. लावल्यावर सहाही तारा सुट्या छेडून बघा.

*सावधान:* कॅपोच्या दाबाने सूर थोडे चढतात, जाड तारांचे जास्त. कॅपो लावून झाल्यावर पुन्हा ट्यून करा. ट्यूनर आता मोकळ्या तारांवर ई-ए-डी दाखवणार नाही. कॅपो पहिल्यावर असेल तर सहावीवर एफ दाखवेल. ते बरोबर आहे. इथे घाबरून तार खाली उतरवणारे असतात आणि मग अख्खी गिटार लावत बसतात.

सहाव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे कॅपो नेऊ नका. आवाज बारीक होतो आणि बोटांना जागा उरत नाही. तिथपर्यंत जावं लागत असेल तर शेप चुकीचा निवडलाय.

पायरी ७ : मोबाईलवरचा कागद आपल्या पट्टीत आणा

समजा कागदावर गाणं डी मध्ये आहे: डी, बी मायनर, जी, ए. कॅपो नाही. गायिकेची पट्टी काळी चार, गंधार शुद्ध.

आधी जागा लिहा. डी म्हणजे सा, बी मायनर म्हणजे ध मायनर, जी म्हणजे म, ए म्हणजे प. अक्षरं आता खोडा. मग शेप ठरवा, जी. जी शेपमध्ये सा जी, ध ई मायनर, म सी, प डी. कॅपो १. झालं. ऐकू येतंय ए फ्लॅट, एफ मायनर, डी फ्लॅट, ई फ्लॅट.

मध्येच कुटुंबाबाहेरची कॉर्ड आली, जसं डीच्या गाण्यात सी मेजर, तर ती चुकीची समजून गाळू नका. तिचीही जागा काढा: डी पासून सी म्हणजे कोमल नि. जी शेपमध्ये कोमल नि म्हणजे एफ.

कागदावर आधीच ‘कॅपो ३’ आणि जी शेपच्या कॉर्ड असतील तर काम आणखी सोपं. मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे, तुम्हाला काळी चार हवी. शेप एकही बदलू नका, कॅपो तिसऱ्यावरून पहिल्यावर आणा.

दुसऱ्या वादकांशी बोलताना शेपचं नाव घेऊ नका. तुमच्या बोटांना ती जी आहे, बेसवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला ती ए फ्लॅट. ‘जी वाजव’ म्हणालात तर तो खरंच जी वाजवेल. शिवाय मंचावरच्या गोंगाटात सी, डी, ई, जी, बी ही अक्षरं एकमेकांसारखी ऐकू येतात. ‘काळी चार’ कधीच चुकीचं ऐकू येत नाही, आपल्या मंडळीत तेच वापरा.

पायरी ८ : चित्र आणि टॅब उलटे वाचू नका

कॉर्डच्या चित्रात गिटार समोर उभी धरलेली असते. डावीकडची उभी रेघ सहावी तार, उजवीकडची पहिली. वर फुली असेल तर ती तार वाजवायची नाही, गोल असेल तर मोकळी वाजवायची. डी मेजरमध्ये सहावी आणि पाचवी दोन्हींवर फुली असते. तिकडे दुर्लक्ष करून सहाही तारा ओढल्या की खाली ई घुमतो आणि कॉर्ड गढूळ होते.

टॅबमध्ये, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत दाखवणाऱ्या लिखाणात, सहा आडव्या रेघा असतात आणि वरची रेघ पहिली, म्हणजे बारीक तार. मांडीवरच्या गिटारच्या हे बरोबर उलट दिसतं. रेघेवरचा आकडा फ्रेटचा, बोटाचा नव्हे. कॅपो असेल तर टॅबमधला ० म्हणजे कॅपोवरची मोकळी तार आणि २ म्हणजे सहसा कॅपोपासून दुसरा फ्रेट.

पायरी ९ : मात्रा, बीट आणि बार

बार कॉर्डमधला बार आणि तालातला बार यांचा काही संबंध नाही. तालातला बार म्हणजे बीट्सचा एक गट, टॅबमध्ये दोन उभ्या रेघांच्या मधला भाग.

केरव्याच्या आठ मात्रा गिटारवर सहसा चार बीटच्या एका बारमध्ये बसतात, ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’. म्हणजे दोन मात्रांचा एक बीट. केरव्याच्या मात्रा मिनिटाला १६० पडत असतील तर मेट्रोनोम ८० वर ठेवा. तो १६० वर ठेवून प्रत्येक टकटकीला एक बीट मोजलात तर एका आवर्तनाला दोन बार होतील आणि कॉर्ड बदलायच्या जागा चुकतील. दादऱ्याच्या सहा मात्रा सहा-आठच्या एका बारमध्ये बसतात. पहिल्या मात्रेवर जोर, चौथीवर हलका जोर. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे चार-चारचे चार बार. रूपकाच्या सात मात्रा ३, २, २ अशा धरा. चारच्या मोजणीत कोंबू नका.

कॉर्ड समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर बदलते, गाण्याच्या पहिल्या शब्दावर नव्हे. मुखडा बरेचदा समेच्या दोन-चार मात्रा आधी उठतो. शब्दांवर कॉर्ड लिहिलेला कागद बघून पहिल्या अक्षरालाच स्ट्रोक मारलात की तबल्याशी पहिल्या आवर्तनातच चुकामूक होते. तबलजीचा ठेका पूर्ण एक आवर्तन नुसता ऐका, सम कुठल्या अक्षरावर पडते ते शोधा आणि वहीत त्या अक्षराखाली रेघ मारा.

पानाच्या डोक्यावर काय लिहायचं

प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ: ‘काळी चार, ग शुद्ध, जी शेप, कॅपो १, केरवा, ८०, सम तिसऱ्या शब्दावर’. त्याखाली कॉर्ड शेपच्या नावाने, आणि समासात जागा, सा-ध-म-प.

या ओळीखाली पर्यायी ओळही आधीच लिहून ठेवा. घसा बसला म्हणून गायिका ऐनवेळी अर्धा सूर वर-खाली मागते. वर जाणं सोपं, कॅपो एक घर पुढे. अर्धा सूर खाली जायचं असेल तरी कॅपो काढला की काम झालं. पण तिने पूर्ण सूर खाली मागितला, म्हणजे काळी तीन, तर जी शेपखाली जागाच नाही. तेव्हा डी शेप, कॅपो ४: डी, बी मायनर, जी, ए. ही बोटं घरी एकदा फिरवून घ्या.